दूध आटवून ये

“मावशी, जरा जवळ या,” अर्णवची आई म्हणाली.

मी गेले. तिने आधी कडेवरच्या पोराचं तोंड हुंगलं. ओठ हुंगले, हनुवटी हुंगली, गळ्याची घडी हुंगली. मग ती माझ्याकडे वळली, वाकली, आणि माझ्या छातीजवळ नाक आणून हुंगलं. बाजारात खरबूज हुंगतात तसं. पाळणाघराच्या पुढच्या खोलीत. लाईट चालू, दार सताड उघडं. तिचा नवरा बाजूला उभा. पाळणाघराची मॅडम समोर उभी. आणखी दोघी आया आपापली पोरं न्यायला आलेल्या, त्या चपला घालता घालता थांबल्या होत्या.

“तोच वास आहे,” ती नवऱ्याला म्हणाली.

मी हललेही नाही. दावणीला बांधल्यासारखी उभी राहिले, आणि मला तर कोणी बांधलंही नव्हतं.

कशाचा वास? दुधाचा. माझ्या दुधाचा. माझी मुलगी मित्रा तेव्हा सव्वा वर्षाची होती आणि अजून अंगावर पीत होती. माझ्या अंगाला दुधाचा वास येत होता, येणारच. पण त्या बाईला वाटलं की मी तिच्या पोराला पाजलं. तिच्या अर्णवला. माझं दूध.

मी पाजलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे जे झालं ते ऐकताना लोक मधेच विचारतात, “पण खरंच पाजलं नव्हतंस ना?” आपली माणसंसुद्धा विचारतात. तेव्हा डोकं असं फिरतं म्हणून सांगू.

काशीमीऱ्याला हायवेच्या एका अंगाला गॅरेजं आणि गोडाऊनं. त्यांच्या पाठीमागे आमची चाळ. दुसऱ्या अंगाला टॉवर. मधून दिवसभर ट्रक. मी सकाळी जीव मुठीत धरून तो हायवे ओलांडायची आणि टॉवरच्या तळमजल्यावरच्या पाळणाघरात कामाला लागायची. नवरा गॅरेजमध्ये गाड्यांचे डेंट काढतो. सासू जालन्याकडची, तीच मित्राला सांभाळायची. मित्रा आठ महिन्यांची झाली आणि मी कामावर परत गेले. म्हणजे बघा, माझं पोर घरी सोडून मी दुसऱ्यांची पोरं सांभाळायला जायची. यात नवीन काही नाही, आमच्या चाळीतल्या निम्म्या बायका तेच करतात. कोणी घरात जाऊन करतं, कोणी पाळणाघरात.

तिथे आम्हाला मावशी म्हणतात. माझं वय काय, मी कोण, कोणाला काही देणंघेणं नाही. गुलाबी ॲप्रन घातला की मावशी.

मित्रा जन्मली तीच अशक्त. पहिल्या पावसाळ्यात तिला जुलाब लागले, पोटात पाणी ठरेना. डोळे आत गेले. सगळं ओकून टाकायची, फक्त अंगावरचं तेवढं राहायचं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हेच चालू ठेव. दोन वर्षं पाज. कोणी काही म्हणू दे.” मी ते गाठीला बांधलं. पण खरं सांगू? डॉक्टरीण नसती बोलली तरी मी पाजलंच असतं. संध्याकाळी घरी गेले की ती दारातूनच हात पसरून यायची, माझी ओढणी ओढायची आणि मांडीत घुसायची. दिवसभरात मला कोणी बस म्हणायचं नाही, ती बसवायची. मला पाजायचं होतं. याला आणखी कारण कशाला लागतं?

कामावर दुपार झाली की छाती दगडासारखी व्हायची. काखेपर्यंत ठणकायची. मग मी बाथरूममध्ये जाऊन मोरीत पिळून टाकायची. मोरीत! तिकडे माझं पोर वरणाचं पाणी पीत असायचं आणि इकडे मी तिचं दूध गटारात सोडायची. बाहेरून मॅडम हाक मारायच्या, “किती वेळ गं?”

आणि बाहेर त्याच पाळणाघरात एक फ्रीज होता. त्याचा वरचा कप्पा आयांच्या दुधासाठी. ऑफिसला जाणाऱ्या बायका मशीनने दूध काढून पिशव्या भरायच्या, वर पोराच्या नावाची चिठ्ठी चिकटवायच्या. ते गरम पाण्यात ठेवून कोमट करायचं, बाटलीत घालायचं आणि पोराला पाजायचं, हे माझं काम. मॅडम नवीन लोकांना फ्रीज उघडून दाखवायच्या. “आमच्या मॉम्स किती डेडिकेटेड आहेत बघा. जॉब करून एवढं करतात!”

मीसुद्धा जॉबच करत होते.

एक दिवस धीर केला. हात धुऊन, घरून उकळून आणलेला छोटा स्टीलचा डबा भरून घेतला, तो हातात धरून विचारलं, “मॅडम, हा डबा ठेवू का फ्रीजमध्ये? संध्याकाळी नेईन.”

“कसला डबा?”

“दूध आहे. माझं. मित्रासाठी.”

“अगं, अजून पाजतेस? एवढी घोडी झाली ती!” हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, “आणि आपला फ्रीज व्हेज आहे ना.”

“दूधच आहे मॅडम.”

“हो गं. पण तू खातेस ना सगळं.”

मला आधी कळलंच नाही. मी खुळ्यासारखी डबा धरून उभी. मग डोक्यात उजेड पडला. माझं दूध नॉनव्हेज! त्याच फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात पोरांच्या वाढदिवसाचे अंड्याचे केक असायचे, ते चालायचे. माझं दूध चालत नव्हतं. डबा मोरीत ओतला, विसळला आणि पिशवीत टाकला. घरी सासूला सांगितलं की विचारायची हिंमतच झाली नाही.

अर्णवच्या आईचं दूध त्याच वरच्या कप्प्यात असायचं. ती दादरहून इकडे राहायला आलेली, अंधेरीला ऑफिस. बोलायला गोड. अहो-जाहो करायची मला. एकदा पिशव्या देताना डोळ्यात पाणी आणून म्हणाली होती, “ऑफिसात जागाच नाही हो मावशी. संडासात बसून काढते. किळस येते, पण काय करणार.” माझ्या जिवाला लागलं ते. मीही सांगून टाकलं, माझंही तेच आहे म्हणून, मी पण अजून पाजते म्हणून. तिने माझा हात धरला. “ग्रेट आहात तुम्ही,” म्हणाली. मला वाटलं, चला, एक तरी बाई समजणारी भेटली. म्हणून तर तिने हुंगलं ते जास्त झोंबलं. दुसऱ्या कोणी हुंगलं असतं तर मी निदान शिवी तरी घातली असती.

त्या दिवशी झालं ते एवढंच. अर्णव आठ-नऊ महिन्यांचा. आदल्या दिवशी लस टोचलेली, अंग कोमट. पिशवीतलं दूध पाजलं, सगळं ओकला. मग जो रडायला लागला तो थांबेना. गाणं म्हटलं, खुळखुळा वाजवला, फेऱ्या मारल्या. पोर उपाशी आणि आजारी, तोंड उघडून माझ्या ॲप्रनमध्ये शोधायला लागलं. आणि मला पान्हा फुटला. अंगाला काय कळतं कोणाचं पोर ते? रडणं ऐकलं की फुटतो. कुर्ता भिजला, वरून ॲप्रन भिजला. खोलीच्या कोपऱ्यात वर कॅमेरा. त्यातलं सगळं आईबापांच्या मोबाईलवर दिसतं. मला लाज वाटली. चांगले चार लोक बघत असतील आणि आपली छाती ओली. म्हणून मी कॅमेऱ्याकडे पाठ केली, खांद्यावर टॉवेल घेतला, त्याच्यावर पोराला आडवं धरलं आणि थोपटत राहिले. थोपटता थोपटता दमून झोपला बिचारा.

अंधेरीला ऑफिसात त्याच्या आईने मोबाईलवर काय बघितलं? मावशीने पाठ केली, छातीवर टॉवेल ओढला आणि पोर गप झालं.

झालं. संध्याकाळी दोघं नवरा-बायको लवकर आले.

हुंगून झाल्यावर नवऱ्याने विचारलं, “खरं सांगा. आम्ही रागावणार नाही. पाजलंत का त्याला?”

“नाही.”

“मग कॅमेऱ्याला पाठ का केलीत?”

“भिजले होते.”

“कशाने?”

काय सांगणार? परका पुरुष समोर उभा. मी खाली बघितलं. तो म्हणाला, “बघा, म्हणजे काहीतरी लपवत होतात.” लाजेला त्यांनी गुन्हा ठरवलं.

मग त्याची बायको. “मावशी, तुम्ही खाता काय काय?”

“जेवण.”

“तसं नाही हो. नॉनव्हेज?”

“हो.”

“म्हणजे मटण-मच्छीच ना? की… ते पण?”

“ते पण” म्हणजे काय, त्या खोलीत प्रत्येकाला कळलं. मलाही.

“आडनाव काय तुमचं?”

सांगितलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ती नजर मी शाळेपासून ओळखते. पाटी पुसल्यासारखा चेहरा होतो समोरच्याचा, एका क्षणात. मग लगेच ती म्हणाली, “नाही, आम्ही ते जात-बित अजिबात मानत नाही हं. तसं मनात आणू नका. पण शेवटी बाळाचा प्रश्न आहे.”

असं म्हणत तिने पर्समधून ओला टिश्यू काढला आणि अर्णवचं तोंड पुसलं. बाहेरून पुसलं, मग बोट घालून आतून पुसलं. हिरड्या पुसल्या, जीभ पुसली. पोर किंचाळायला लागलं. किंचाळत त्याने हात पसरले ते माझ्याकडे. दिवसभर माझ्याच कडेवर असायचं ना ते. मी सवयीने एक पाऊल पुढे टाकलं, तशी तिने त्याला झटकन पलीकडे वळवलं.

चपला घालणाऱ्या दोघी अजून तिथेच होत्या. एकीनेही ब्र काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला रिक्षात घातलं आणि भाईंदर पूर्वेला स्टेशनजवळच्या लॅबमध्ये नेलं. रक्त तपासायला. “पेरेंट्सना समाधान पाहिजे गं. तुझंही नाव क्लिअर होईल.” मी गेले. मुकाट गेले. बाही वर केली, सुई टोचून घेतली. तिथला माणूस मॅडमना विचारतो, “कशासाठी टेस्ट?” मॅडम म्हणतात, “कामवाली आहे, बाळांना हात लावते.” मी समोर बसलेली असताना. रोज सकाळी यांच्या घरी पिशवीतून दूध येतं. त्या म्हशीने काय खाल्लं, कोणाच्या गोठ्यातली, तिचं रक्त कसं, कधी विचारलं का कोणी? म्हशीवर विश्वास आहे. माझ्यावर नाही. आणि मी तर पाजलंसुद्धा नव्हतं.

रिपोर्ट आला. सगळं चांगलं. मॅडम खुश. “मी ग्रुपवर टाकला रिपोर्ट. सगळ्या पेरेंट्सनी बघितला.” माझं रक्त ग्रुपवर! मला न विचारता. कोणी अंगठा दाखवला असेल, कोणी हात जोडले असतील.

“मग आता मी कामाला लागू?” मी विचारलं.

मॅडमनी मला आत बोलावलं. दार लावलं. आवाज एकदम मायेचा. “हे बघ, तुझ्यावर माझा विश्वास आहे. पण त्यांचं म्हणणं आहे, रिस्क नको. दूध असलेली बाई लहान बाळांपाशी नको. आज नाही पाजलंस, उद्या पाजशील. मला त्यांना काहीतरी सांगावं लागेल ना? आठ दिवस सुट्टी घे. गोळ्या मिळतात, घे त्या. तशीही तुझी मुलगी मोठी झाली. आता त्यात काय पोषण असतं? पाणी नुसतं. दूध आटवून ये. मग बघू.”

दूध आटवून ये.

असं सांगितलं, जसं काही केस विंचरून ये, नखं कापून ये. मी “बरं” म्हणाले. हो, म्हणाले. तोंडातून आपोआप येतं ते. पिढ्यान् पिढ्या तोंडाला वळणच तसं लागलंय.

हायवे ओलांडून घरी आले. नवऱ्याला सांगितलं. तो हात धूत होता, रंगाचे डाग काही जात नव्हते. म्हणाला, “लोक हरामखोर आहेत. पण काम चांगलं आहे तुझं. सावलीत आहे. सुटलं तर परत मिळणार नाही. कधीतरी बंद करायचंच आहे ना तिचं?” तो वाईट माणूस नाही. त्याच्या मालकाने त्याला रोज जे ऐकवलंय तेच तो मला ऐकवत होता.

सासूने ऐकलं. तिला हुंगण्याचं सांगितलं नाही मी. कसं सांगणार? फक्त एवढंच, की दूध बंद करायला सांगितलंय, गोळ्या घ्यायला सांगितल्यात. ती म्हणाली, “गोळ्या नकोत. पोटात जाऊन काय करतील कुणाला ठावं. कडुनिंबाचा पाला लाव. माझ्या तिन्ही लेकरांचं मी तसंच तोडलं. दोन दिवस रडतंय, मग विसरतंय.” गॅरेजच्या मागे कडुनिंब आहे. ती गेली, पाला आणला, खलबत्त्यात ठेचला, हिरवागार लगदा वाटीत काढून माझ्यापुढे ठेवला.

मी भिंतीला टेकून बसले होते. वाटी समोर. लावायचं एवढंच. लावलं की उद्या-परवा पोर तोंड फिरवणार. मग छाती दाटणार, ताप येणार, मग आटणार. मग मी ॲप्रन घालून जाणार आणि मॅडमना सांगणार, आटलं मॅडम. मॅडम काय, बघणार का पिळून? त्या अर्णवची आई पुन्हा हुंगणार का? हुंगून पास करणार का मला?

मित्रा खेळता खेळता आली. वाटीत हिरवं काही दिसलं, घातलं बोट आणि चाटलं. मी “अगं अगं” म्हणेपर्यंत तोंडात गेलंसुद्धा. तोंड असं वेडंवाकडं केलं तिने! थू थू करायला लागली, जीभ बाहेर काढून रडायला लागली. सासूने पाण्याचं भांडं पुढे केलं, तिने ढकललं. गुळाचा खडा दिला, फेकला. रडत रडत ती माझ्याकडे आली, कुर्ता वर केला आणि प्यायला लागली. कडू गेलं तशी शांत झाली. एक हात माझ्या गळ्यात, डोळे माझ्या डोळ्यांत. ज्याने तिला माझ्यापासून तोडायचं होतं, त्याच कडूपणाने ती माझ्याकडे धावत आली. त्या पोरीला माहीत होतं कडू लागलं की कुठे जायचं. मला माहीत नव्हतं.

तेव्हा रडले मी. आणि रडता रडता सासूला सगळं सांगितलं. हुंगण्याचं, टिश्यूचं, आडनावाचं, फ्रीजचं. ती ऐकत होती. मला वाटलं म्हणेल, जाऊ दे, मोठी लोकं ती. तिने वाटी उचलली आणि दाराबाहेर जाऊन फेकली. परत येऊन म्हणाली, “माझ्या लेकरांचं मी तोडलं, ते माझ्या मर्जीनं. ह्या कोण लागून गेल्या सांगणाऱ्या?”

माझ्या मर्जीनं. एवढंच म्हणाली म्हातारी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती त्या शब्दाने. इतके दिवस मी लाजत होते. ओल्या कुर्त्याची लाज, डब्याची लाज, जेवणाची लाज, आडनावाची लाज. लाज सगळी माझ्याकडे, आणि हुंगणारी कोरडी! ती नाही का कधी बंद करणार पोराचं? करेल, तिला पाहिजे तेव्हा करेल, आणि ग्रुपवर सगळे टाळ्या वाजवतील. माझं मात्र तिला पाहिजे तेव्हा बंद व्हायचं.

आठ दिवस कोण थांबतं? दुसऱ्या दिवशी सकाळी मित्राला कडेवर घेतलं आणि निघाले. गेटवर वॉचमन म्हणाला, “आज बच्ची को भी लाया?”

“हाँ. मेरी है,” मी म्हणाले.

पाळणाघरात पोरं सोडायची वेळ. पुढच्या खोलीत गर्दी. मी कोपऱ्यातली खुर्ची ओढली, बरोबर तिथल्या कॅमेऱ्यासमोर ठेवली, बसले आणि मित्राला पाजायला घेतलं. ओढणी होती खांद्यावर, ती खांद्यावरच राहू दिली.

मॅडम धावत आल्या. “अगं, काय करतेस? वेड लागलं का? कॅमेरा चालू आहे!”

“माहीत आहे.”

“आतमध्ये जा. प्लीज.”

“नाही.”

त्यांचा मोबाईल वाजायला लागला. कट केला, परत वाजला. बघितलं असेल कोणीतरी. तेवढ्यात अर्णवची आई आली, पोराला घेऊन. मला बघून दारातच थबकली. अर्णव हसला मला बघून. काय दोष त्या पोराचा!

“मावशी, हे काय आहे?” ती म्हणाली.

मी बसूनच बोलले. पोर पीत होतं, उठणार कशी? आणि उठायचं तरी कशाला?

“तुमच्या पोराला मी पाजलं नाही,” मी म्हणाले. “पाजलं असतं तर सांगितलं असतं. माझ्या दुधात लपवण्यासारखं काही नाही. आजारी होतं तुमचं लेकरू, उपाशी होतं, माझ्या अंगावर शोधत होतं. मी त्याला थोपटून निजवलं, आणि माझं दूध माझ्या कपड्यांत सांडू दिलं. तुम्ही येऊन मला हुंगलंत. चार लोकांसमोर. आता चार लोकांसमोर म्हणा, चुकलं.”

तिचं तोंड लाल झालं. इकडेतिकडे बघितलं. “मावशी, तुम्ही हे पर्सनली घेताय.”

“माझी छाती हुंगलीत तुम्ही. अजून किती पर्सनल असतं?”

कोणीतरी फिसकन हसलं मागे. ती नाही हसली. “मला या टोनमध्ये बोलायचं नाही,” म्हणाली आणि अर्णवला घेऊन उलट्या पावली निघून गेली. चुकलं म्हणाली नाही. शेवटपर्यंत नाही.

मॅडमनी दात-ओठ खात सांगितलं, “उद्यापासून यायचं नाही.”

“उद्यापासून कशाला? आत्ताच निघालेय,” मी म्हणाले. “हिचं पिऊन झालं की.”

आणि बसले. मित्राने दुसरी बाजू मागितली, ती पण पाजली. मॅडम समोर, मोबाईल वाजतोय, लोक पोरं घेऊन दारात खोळंबलेले. माझा जीव धडधडत होता, खोटं कशाला बोलू. पण बसले. झाल्यावर ॲप्रनची घडी खुर्चीवर ठेवली आणि आले.

नंतर त्या चपला घालणाऱ्या दोघींपैकी एकीने फोन केला. म्हणाली, मला फार वाईट वाटलं, मी मनातून तुमच्याच बाजूने होते. मी म्हटलं, “मनातून? मी तर खोलीत होते. तुम्ही खोलीत का नव्हता माझ्या बाजूने?” तिने फोन ठेवला. लोकांना आपलं वाईट वाटणं आपल्याकडून पुसून पाहिजे असतं. मी पुसून देणार नाही.

त्यानंतर टॉवरमध्ये कोणी कामाला ठेवेना. ग्रुपवर माझ्या रक्ताचा रिपोर्ट फिरला होता, तसा माझा व्हिडिओ पण फिरला असणार. एका बाईने तर फोनवरच विचारलं, “ती तमाशेवाली तूच का?” हो म्हटलं. नवरा काही दिवस धड बोलला नाही. घरात चणचण झाली. सगळं सोपं झालं असं मी सांगणार नाही. जे सांगतात ते खोटं सांगतात.

आता काशीमीऱ्याच्याच एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला आहे. खोकी भरायची, टेप लावायची. उभ्याने काम. दुपारी जेवायच्या सुट्टीत घरी पळते, पाजते, पळत येते. जेवण राहतं कधीकधी. कामाला लागतानाच सुपरवायझरला सांगितलं होतं, पोर पितं माझं, मी जाणार. तो घड्याळ दाखवतो रोज. दाखवू दे.

परवा तिथल्या संडासात गेले तर आमच्यातलीच एक नवी मुलगी भिंतीला टेकून उभी. बाळंतपण होऊन चार महिने नाही झाले. घर लांब, चेणे गावाच्या पुढे, दुपारी जाऊ शकत नाही. दूध पिळून टाकत होती आणि ओठ चावत होती. मला बघून घाईघाईने पदर ओढला. “कुणाला सांगू नका ताई,” म्हणाली.

मी तिचा पदर नीट केला. तिला म्हटलं, सांगणार. सगळ्यांत आधी सुपरवायझरला सांगणार. उद्या सकाळी शिफ्ट लागायच्या आधी, तू आणि मी, दोघी. एक खोली मागायची. आतून कडी, एक खुर्ची, डबे ठेवायला एक फ्रीज. ती घाबरली. “काढून टाकतील हो.” टाकतील. मला टाकलंय एकदा, माहीत आहे कसं असतं ते. तिला म्हटलं, तू नुसती शेजारी उभी राहा, बोलीन मी.

खोली दिली तर ठीक. नाही दिली तर त्याच्या एसी केबिनमध्ये जाऊन, त्याच्या खुर्चीत बसून दूध काढीन, आणि ही पोरगी समोरच्या खुर्चीत बसेल. काढून टाकलं तर पुढच्या गोडाऊनच्या दारात पहिलं वाक्य हेच असेल, की पोर पितं माझं. मित्रा सोडेल तेव्हा सुटेल. त्याच्या आधी कुणाच्या बापाच्याने सुटणार नाही.